फुगेराय म्हणजे वृद्धाश्रम नव्हे

म्हाताऱ्या आईबापांना वृद्धाश्रमात टाकायची रीत युरोपात 500 वर्षं जुनी, पुरावा म्हणून जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरातली फुगेराय ही जुनी वस्ती बघा, असा एक फॉरवर्ड फिरतोय. बराकीसारख्या एकसारख्या खोल्या, वर्षाला 1 युरोत सगळं, आणि 1521 पासून वीटही हललेली नाही म्हणे.

आधी 'म्हातारे'. याकोब फुगर या धनाढ्य सावकाराने ही वस्ती बांधली ती शहरातल्या गरजू कॅथलिक कष्टकऱ्यांसाठी: कारागीर, रोजंदारीवाले, पोराबाळांसकट. मोझार्टचा पणजोबा इथे राहिला तो गवंडी होता. आज वयस्क रहिवासी बरेच आहेत, पण त्यासाठी कुणी पाया घातला नव्हता.

आता बराकी. इथे मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याने फोटोही नीट पाहिलेला नाही. घरं दुमजली, रांगेतली, पिवळसर रंगाची, हे खरं. पण प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार आहे. खालच्याचं वेगळं, वरच्याचं वेगळं, आणि वरच्या दारातून जिना थेट आपल्याच घरात चढतो. आपल्या चाळीतल्यासारखी सामायिक गॅलरी नाही. खालच्याला परसातली छोटी बाग, वरच्याला पोटमाळा. स्वयंपाकघर ज्याचं त्याचं. जागा साधारण साडेसहाशे चौरस फूट, म्हणजे मुंबईतल्या कित्येक वन बीएचकेपेक्षा ऐसपैस. दाराशी घंटी ओढायची लोखंडी मूठ असते, तिचे आकार वेगवेगळे. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून, असं सांगतात. बराकीत असले लाड कोण करतं?

भाडं वर्षाला 88 सेंट, ऱ्हाइनिश गुल्डन या तेव्हाच्या एका नाण्याची युरोतली नाममात्र किंमत, महागाई न धरता. त्यात वीज, हीटिंग वगैरे येत नाही. शिवाय संस्थापकासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या, ही अट आहेच.

वीट हलली नाही, हे तर साफ खोटं. फेब्रुवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात मोठा भाग कोसळला. फुगर घराण्याच्या न्यासाने तो पुन्हा उभारला, शेजारची जागा घेऊन वाढवलाही. सुरुवातीला 52 घरं होती, आज 67 आहेत.

आणि 'टाकलेले' म्हणाल तर, माणसं रात्री बाहेरही जातात. फाटक 10 ला बंद होतं. उशिरा आलं की राखणदाराच्या हातावर 50 सेंट ठेवायचे, बारानंतर 1 युरो. वर्षाच्या भाड्यापेक्षा 12 सेंट जास्तच.