काजवे बघायला हस्की न्यावा की सेंट बर्नार्ड?

कुत्रा घ्यायचं ठरलं, हे उत्तम झालं. तंबू घरात आहेच, सेलमध्ये घेतलेला, माळ्यावर पडलेला. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं घाटतंय, आणि तंबूसमोर काढायच्या त्या फोटोत उजवीकडे जरा मोकळं मोकळं वाटतंय. तिथं कुत्रा बसेल. प्रश्न उरला फक्त जातीचा.

जात फोटोवरूनच ठरवावी. कुत्रा वर्षातल्या दोन रात्री तंबूत काढणार आणि बाकीचं वर्ष हडपसर नाहीतर डोंबिवलीतल्या टू बीएचकेत, म्हणजे निवड अर्थातच त्या दोन रात्रींच्या हिशेबाने व्हायला हवी. लग्नाची शेरवानी घेताना ती घालून लोकलमध्ये चढता येईल का, हे कुणी बघतं का? घरात रीतसर मतदान घ्या. "रोज फिरवणार कोण?" असा रसभंग करणारा प्रश्न आई विचारेलच. त्यावर धाकट्याने "मी!", थोरलीने "मी पण!" आणि बाबांनी "नाहीतरी मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे" असं एका दमात म्हणावं. ठराव मंजूर. आईचा विरोध मात्र नोंदवून ठेवा. पहाटे साडेपाचला पट्टा तिच्याच हातात असणार आहे, तेव्हा एवढा मान तिला द्यायलाच हवा.

आता जाती बघू.

हस्कीचे डोळे बऱ्याचदा निळे असतात. खरं तर इथंच विषय संपायला हवा, पण माहिती असलेली बरी. सैबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी हा कुत्रा बर्फावरून गाड्या ओढायला वाढवला. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा कुत्र्यांच्या तुकड्यांनी एकीकडून दुसरीकडे औषध सोपवत हजार किलोमीटरहून जास्त वाट सहा दिवसांच्या आत कापली. त्यातले टोगो आणि बाल्टो अजून लोकांच्या तोंडी आहेत. त्यांच्या या भाऊबंदाला तुम्ही रोज सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत नेणार आणि परत आणणार. उरलेले किलोमीटर तो सोफ्यावर वसूल करेल. आधी उशी, मग फोम, मग लाकूड. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि वर्षातून दोनदा आतला थर गळतो. गळतो म्हणजे असा की कंगवा एकदा पाठीवरून फिरवला की मूठभर पांढरी लोकर हातात येते, दुसऱ्यांदा फिरवला की आणखी मूठभर, आणि तिसऱ्यांदा फिरवेपर्यंत पहिली मूठ पंख्याच्या वाऱ्याने आमटीत पोचलेली असते. उन्हाळ्यात गुळगुळीत करून टाकू, असं एखादा हुशार मेहुणा सुचवेल. करून बघा, तोच थर उन्हापासूनही राखतो, त्यामुळे उपाय म्हणून तो अगदी आपल्या परंपरेला धरून आहे. नाहीतर एसी आहेच. चोवीस तास चालवा. आजीला गुडघ्यासाठी बंद करायला सांगितलेला एसी हस्कीसाठी चालू राहतो, तेव्हा घरातली उतरंड सगळ्यांना एकदाची नीट समजते. तंबूत मात्र एसी नाही. तिथं हस्की स्वतःची सोय बघतो: जमीन उकरून थंड खड्डा करतो आणि त्यात बसतो. तंबूला तळाचं कापड आहे, ही अडचण तुमची.

हस्की फारच सडपातळ वाटला तर सेंट बर्नार्ड घ्या. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची २४६९ मीटर उंचीवरची खिंड आहे. तिथल्या मठातल्या साधूंनी बर्फात चुकलेल्या वाटसरूंना शोधायला ही कुत्री ठेवली. त्यांच्यातला बॅरी इतका नावाजला की मेल्यावर त्याला पेंढा भरून बर्नच्या संग्रहालयात ठेवलं. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर आणि तिथं जूनमध्ये बर्फ पडत नाही, पण वाटसरू चुकतात, हे मान्य करायला हवं. गळ्यात ब्रँडीचं पिंप ही मात्र चित्रकारांनी पसरवलेली दंतकथा आहे. साधूंनी असलं काही बांधलं नव्हतं. तुम्ही बांधा. पवना धरणाच्या काठावर शनिवारी रात्री जे ग्रुप उतरतात, त्यांच्यात तुमच्या कुत्र्याइतकी लोकप्रियता कुणालाच मिळणार नाही. पूर्ण वाढलेला सेंट बर्नार्ड सत्तरेक किलो भरतो. तीन जणांच्या तंबूत तो दोन जण आहे. शिवाय त्याची लाळ सतत गळते आणि अंगठ्याएवढी लांब दोरी होऊन तोंडाशी लोंबत राहते. तो मान झटकतो तेव्हा ती कुठं जाऊन चिकटेल याचा नेम नसतो. तंबूच्या छताला चिकटली तर दव पडलं असं समजून झोपावं.

पग हवाय? २००३ च्या सुमारास हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एका पोरामागे दुडुदुडु फिरणारा पग देशाने पाहिला आणि पुढची काही वर्षं गल्लोगल्ली पग झाले. जाहिरातीत तो सगळीकडे मागे मागे येतो. तुमच्या ट्रेकमध्येही येईल, पहिल्या चढापर्यंत. कुत्र्याला अंग थंड करायला धापा टाकाव्या लागतात, आणि धापा टाकायला नाकाची जागा लागते. पगच्या नाकाची जागा माणसांनी चेहरा गोड दिसावा म्हणून काढून घेतली आहे. पुढं तो तुमच्या कडेवर. सॅक बायकोकडे द्या.

लॅब्राडोरबद्दल मी काय सांगावं? तो सगळ्यांना आवडतो, चोरालाही. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून त्याची जात निघाली. थंडगार पाण्यात उडी मारून जाळ्यातून निसटलेले मासे आणून देणं हा त्यांचा धंदा. धंदा सुटला, भूक राहिली. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की लॅब्राडोरांत साधारण चारांतल्या एकाच्या जनुकात असा बिघाड असतो की भूक अनावर होते आणि वजन वाढतं. आपल्या घरात ही बातमी पोचलेली नाही, आणि पोचली तरी "बघतोय बिचारा" यापुढे तिचं काही चालणार नाही. कॅम्पमध्ये त्याच्या खाण्याची वेगळी सोय करू नका. शेकोटीवरच्या चिकनची शिजलेली हाडं द्या. ती चावली की सुऱ्यांसारखी फुटतात आणि आतडं फाडू शकतात, पण मेनूत तशीही हाडं उरतातच. कांदाभजी द्या, कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिऱ्यातले बेदाणे द्या, द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. नाशिकमार्गे आलात तर दोन्ही जिन्नस ताजे आणि स्वस्त मिळतील. सोमवारी सकाळी सलाईन लावताना डॉक्टरांनी "काय खाल्लं होतं?" विचारलं की सगळ्यांनी एकमेकांकडे बघावं आणि आजी यात्रेला आली नव्हती तरी आजीचं नाव सांगावं.

बीगलला नाक असतं, कान नसतात. म्हणजे दिसतात लांबलचक, पण एकदा सशाचा माग लागला की त्यांचा उपयोग शून्य. बीगल नेलात तर काजवे बघायला वेळ मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवा, बॅटऱ्या घेऊन रानात "ब्रूनो! ब्रूनो!" करत फिरणाऱ्यांना बाकीचे पर्यटक बघतील.

राखणीचं काय, असा प्रश्न काकांना पडेल. काकांसाठी जर्मन शेफर्ड, ज्याला ते अजून अल्सेशियन म्हणतात, किंवा रॉटवायलर. रॉटवायलर घेण्यात थोडा थरारही आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं, त्यात तोही होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. म्हणजे दुकानदार "साहेब, बॅन्ड ब्रीड आहे" असं सांगून दोन हजार जास्त लावू शकतो आणि तुम्ही ते अभिमानाने देऊ शकता. कॅम्पवर त्याला तंबूबाहेर बांधा, जनावरांपासून राखण होईल. भंडारदरा अकोले तालुक्यात येतं. या तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झालेला आहे, आणि त्यांच्या जेवणात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांपेक्षाही मोठा. तेव्हा बिबट्या तुमच्या तंबूकडे येणार नाही असं नाही. तो येईल, पण तुमच्यासाठी नाही. काकांना झोप शांत लागेल. आसपासचा बराच मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे आणि चौकीवरचा वनरक्षक कुत्रा बघून गाडी थांबवेल. त्याला "आमचा चावत नाही हो" म्हणून सांगा. गीरमध्ये २०१८ साली वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू सापडला होता. आपल्या कुत्र्याची डिस्टेंपरची लस झाली का, हे वनरक्षकाने विचारलं तर फाइल घरी राहिली म्हणावं. राहिलेलीच असते.

स्वदेशीचा झेंडा खांद्यावर घ्यायचा असेल तर मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या मालोजीरावांनी याची जोडी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, भेट दिली होती. २००५ मध्ये टपाल तिकिटावर त्याचं चित्र आलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर त्याचं नाव घेतलं. एवढ्या शिफारशी असलेला उमेदवार आपल्याकडे नगरसेवकालाही मिळत नाही. तेव्हा तो नजरेने शिकार हेरून सुसाट धावणारा कुत्रा आहे, फ्लॅटच्या पॅसेजमध्ये तो तीन ढांगांत संपतो, ही किरकोळ बाब समजा. कॅम्पवर पट्टा सोडला रे सोडला की समोरच्या उतारावर त्याला धनगराची मेंढरं दिसतील. पुढचा अर्धा मिनिट कुत्रा इतका देखणा दिसतो की व्हिडिओ काढल्यावाचून राहवत नाही. काढा. मेंढराची भरपाई ठरवताना धनगरालाही तो दाखवता येईल.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा, तो म्हणजे गावठी. ऊन सोसतो, पाऊस सोसतो, केस आखूड, वरणभातावरही तगतो, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायला काही उरतच नाही. सोसायटीतल्या कट्ट्यावर "कुठली ब्रीड?" असं कुणी विचारलं की काय तोंड दाखवाल? दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेत, त्यांच्या वंशावळीच्या पेपरांची चौकशी आजवर कुणी केली नाही. धर्मराज शेवटच्या यात्रेला हिमालयात निघाला तेव्हा मागे जो कुत्रा आला, तोही बिनपेपरचाच. त्याच्यासाठी धर्मराजाने स्वर्गाचं दार अडवून धरलं, हे ठीक, पण त्या काळी स्टेटस टाकायची सोय नव्हती. पायथ्याच्या गावातून एक कुत्रा तुमच्याबरोबर गड चढायला लागेल. न बोलावता येईल, वाट फुटते तिथं थांबून मागे बघेल, पाण्याच्या टाक्यापाशी तुमच्या आधी पोचेल, अर्ध्या पार्ले-जीवर समाधान मानेल आणि परतताना गाडीपर्यंत सोडायलाही येईल. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. फोटोत आला तर कापून टाका, तुमच्या हस्कीच्या मागे तो बरा दिसत नाही.

खरेदीबद्दल दोन शब्द. पिल्लू मोबाईलवरच्या फोटोतून पसंत करावं आणि हायवेवरच्या ढाब्यापाशी गाडीच्या डिकीतून ताब्यात घ्यावं. "हेवी बोन आहे, पंजा बघा साहेब" असं विकणारा म्हणाला की पंजा बघावा. आपल्याला त्यातलं काही कळत नाही, हे त्यालाही माहीत असतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. यातलं काही विचारून वातावरण बिघडवू नका. पिल्लाची आई दाखवा, असंही म्हणू नका. सोयरीक जुळवताना मामाकुळापर्यंत चौकशी करणारे आपण, पण इथं लाजावं.

कॅम्पहून परतल्यावर कुत्र्याच्या कानात बघू नका. कानाच्या पाळीआड, बोटांच्या बेचक्यात, काखेत गोचीड बसलेली असते. आल्या दिवशी तिळाएवढी, चार दिवसांनी एरंडाच्या बीसारखी टम्म. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची असते, पण त्यासाठी कुत्र्यापाशी अर्धा तास बसावं लागतं, आणि रविवारी रात्री रील एडिट करायचं असतं. पंधरवड्याने कुत्रा खाईनासा होतो, ताप येतो, रक्ताच्या रिपोर्टात प्लेटलेट उतरलेल्या दिसतात. पट्टा, अर्थात, आईच्या हातात.

तोवर सोसायटीची नोटीसही आली असेल. तिथं तुम्ही कायद्याने भक्कम आहात. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय. ते छापून लिफ्टमध्ये चिकटवा. भांडा, सभेत उभे राहा, गरज पडली तर वकील करा. हे सगळं करता करता कुत्रा दीड वर्षाचा होईल, सोफा जाईल, धाकटा दहावीत जाईल, आणि आपण भांडत होतो ते कशासाठी हे आठवेनासं होईल.

मेसेज त्या वेळी घाईत टाइप करायला नको, आत्ताच लिहून ठेवा: "बदली झाल्याने अत्यंत प्रेमळ, सर्व लसी झालेला, दीड वर्षाचा हस्की चांगल्या घरी देणे आहे. पेपर आहेत. फार्महाउस असल्यास प्राधान्य. सोबत एकदाच वापरलेला तंबू मोफत." बदली झाली नसली तरी चालतं. ग्रुपवर टाकल्यापासून पाच मिनिटांत पहिला रिप्लाय येईल, तंबू किती जणांचा आहे असा.