मेंढराची मुसकी

आंत्वान द सँतेक्झ्युपेरी या फ्रेंच लेखकाच्या ‘द लिटल प्रिन्स’ या गोष्टीतलं कोल्ह्याचं ते वाक्य, महत्त्वाचं ते डोळ्यांना दिसत नाही वगैरे, हल्ली मला गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर येतं. वाक्याशी माझं वैर नाही. पण त्याच भेटीत, चार ओळी खाली, कोल्हा अजून एक गोष्ट सांगतो: ज्याला आपलंसं केलंस त्याची जबाबदारी आता कायमची तुझी. ही ओळ फॉरवर्ड करताना कुणी दिसत नाही. फुलांच्या चित्रावर शोभत नसेल. गोष्ट थोडक्यात अशी: आपल्या चिमुकल्या ग्रहावरचा एकुलता गुलाब सोडून निघालेला छोटा राजपुत्र ग्रहामागून ग्रह बघत पृथ्वीवर येतो, तिथे त्याला हा कोल्हा भेटतो, आणि वाळवंटात विमान बंद पडून अडकलेला, तहानलेला एक वैमानिकही, जो त्याला पेटीतल्या मेंढराचं चित्र काढून देतो.

मूळ फ्रेंचमध्ये कोल्हा ‘आप्रिव्ह्वाझे’ असं क्रियापद वापरतो. इंग्रजीत त्याचं ‘टेम’ झालं आणि सर्कशीतला रिंगमास्टर डोळ्यांसमोर आला. आपल्याकडे ‘माणसाळवणं’ आहे, तेही चालेल. पण मला विचाराल तर खरा शब्द ‘लळा’. लळा लावणारा एक, लागणारा दुसरा, आणि या शब्दात तक्रार आधीच मुरलेली असते. ‘लळा लावून गेली मेली’ असं आमची आजी मांजरीबद्दल म्हणायची. उलटंही व्हायचं. आजी काकाकडे राहायला गेली की मांजर दुधाच्या वेळेला उंबऱ्यावर येऊन बसायची. आईने ओतलेलं दूध प्यायची, पण आईच्या पायाला अंग घासायची नाही. कोल्ह्याचं म्हणणं दुसरं काय आहे? तू चारला येणार असशील तर मला तीनपासूनच बरं वाटायला लागेल, पण वेळ मात्र पाळ.

या गोष्टीवर बोलताना लोक चाव्यांचा जुडगा काढतात. गुलाब म्हणजे लेखकाची बायको कॉन्सुएलो. जुळतंही: तिला दम्याचा त्रास, गुलाबाला खोकला, ती ज्वालामुखींच्या एल साल्वादोरची, राजपुत्राच्या ग्रहावर तीन ज्वालामुखी. बरं मग? चावी फिरवली, कुलूप उघडलं, आत कॉन्सुएलो सापडली आणि गोष्ट संपली, असं होतं का? मला त्या गुलाबात नखरे करणारी, चार काट्यांच्या जोरावर वाघांना दम देणारी आणि निरोपाच्या वेळी अचानक शहाण्यासारखं बोलणारी बाईच जास्त दिसते. आणि तिला काचेच्या घंटेखाली ठेवायचं, वाऱ्याला आडोसा करायचा, पाणी घालायचं, या कामाला कंटाळून पळालेला एक मुलगा.

राजपुत्राच्या ग्रहावर उगवणाऱ्या बाओबाबच्या झाडांचंही तेच. सँतेक्झ्युपेरीने हे पुस्तक १९४२मध्ये अमेरिकेत लिहिलं, मायदेश जर्मनांच्या ताब्यात असताना. १९४३मध्ये ते न्यूयॉर्कला छापलं गेलं, फ्रान्समध्ये यायला १९४६ उजाडलं. तेव्हा ग्रह फोडणारी ती झाडं म्हणजे नाझी, हे वाचन उगाच नाही. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच, वसईच्या किल्ल्यात पाहिली असेल. पण हे प्रकरण समजायला आपल्याला गोरखचिंचेची गरज नाही, पिंपळ पुरतो. गच्चीच्या कठड्यात दोन पानांचं कोवळं रोप निघतं, गोड दिसतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘बघू, पावसाळ्यानंतर काढू’ ठरतं. दोन वर्षांनी भिंतीला भेग आणि कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन. पुस्तकात एक बारकावा आहे जो मला फार आवडतो: अगदी लहान असताना बाओबाबचं रोप आणि गुलाबाचं रोप सारखंच दिसतं. म्हणजे नुसतं उपटत सुटून भागत नाही, रोज सकाळी वाकून ओळखावं लागतं. स्वतःचं तोंड धुवून झालं की मग ग्रहाची साफसफाई, असा त्या मुलाचा नेम आहे.

नेम. मला हे पुस्तक प्रेमाचं कमी आणि नेमाचं जास्त वाटतं. राजा, बढाईखोर, दारुडा, पन्नास कोटी सोळा लाख बावीस हजार सातशे एकतीस तारे मोजून ते ‘माझे’ म्हणणारा व्यापारी, या सगळ्यांवरून राजपुत्र पुढे जातो. थोडा थबकतो तो दिवेवाल्यापाशी. ग्रह आता मिनिटाला एक फेरी मारतो, तरी बिचारा जुन्या हुकमाप्रमाणे दिवा लावतोय, विझवतोय. हास्यास्पद आहेच, पण तो स्वतःखेरीज कशाची तरी काळजी घेतोय, म्हणून मैत्री करावीशी वाटते ती त्याच्याशीच.

पाण्याबद्दल मात्र लेखक ऐकीव लिहीत नव्हता. १९३५च्या डिसेंबरात त्याचं विमान खरोखरच इजिप्तमधल्या लिबियन वाळवंटात आदळलं होतं. तो आणि त्याचा मेकॅनिक प्रेव्हो तहानेने मरायला टेकले असताना वाळवंटातल्या भटक्या बेदुइनांनी वाचवलं. त्यामुळे तहानेची गोळी विकणारा माणूस आठवड्याला त्रेपन्न मिनिटं वाचवून देतो म्हणतो, तेव्हा मला हसूसुद्धा येतं आणि घशाला कोरडही पडते.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी लिहायला बसले. शेवटी राजपुत्र परत जातो. सोबत पेटीतलं मेंढरू, आणि ते गुलाब खाईल म्हणून वैमानिकाने चित्रात काढून दिलेली मुसकी. गावाकडे बैलाच्या तोंडाला बांधतात तीच. मग वैमानिकाच्या लक्षात येतं: मुसकीला पट्टा काढायचा राहिला! आता ती बांधणार कशी? कोल्ह्याचं तत्त्वज्ञान त्या राहून गेलेल्या पट्ट्यावर टांगून लेखक निघून जातो. स्वतः तर खरोखरच गेला, ३१ जुलै १९४४ला कॉर्सिकाहून टेहळणीच्या उड्डाणावर, परतलाच नाही. विमानाचे अवशेष मार्सेलजवळच्या समुद्रात सापडायला २००० साल उजाडलं.

मे महिन्यात भाचा राहायला आला होता, आठ वर्षांचा. रोज थोडं थोडं वाचून दाखवत होते. कोल्ह्याच्या वेळी तो पंख्याकडे बघत होता, साप आल्यावर मांडीवर चढला, आणि पट्ट्याचं आलं तेव्हा ताडकन उठला. ‘मग खाल्लं का गुलाब?’

‘माहीत नाही. त्यालाही माहीत नाही.’

‘अगं पण नुसता पट्टाच तर काढायचाय!’

संध्याकाळी पाहते तर माझ्या पुस्तकात, पेटीच्या चित्राशेजारी, हिरव्या स्केचपेनने पट्टा. बकलासकट, तीन भोकं पाडून. पुस्तक पहिल्या पगारातून घेतलेलं, कोपरासुद्धा न दुमडता जपलेलं. मी एवढंच म्हणाले की पट्टा जरा आखूड झालाय.

तो म्हणाला, ‘मेंढरू लहान आहे.’