विरी गेलेलं पीठ

पक्याला शुगर निघाली, डॉक्टरांनी ज्वारीची भाकरी सांगितली आणि कोपरखैरण्याच्या आमच्या कट्ट्यावर रविवारची अख्खी रात्र त्यात गेली.

भाकरीच्या बाबतीत पक्या म्हणजे नवा मुसलमान, दिवसातून पाच नव्हे सात वेळा बांग देणारच. "२०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, माहितीये? युनोत ठराव आपणच आणला. लोकांना महत्त्व पटवलं की ताट बदलेल."

"आमच्या म्हातारीला पटवतोस?" संत्या उसळला. त्याचे वडील साताऱ्याकडच्या माणमधून आलेले, दाणा मार्केटात जन्मभर पोती वाहिली. "भाकरी आम्ही विसरलो नाही, परवडेना झाली. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरडधान्य १ रुपया किलो लिहिलेलं. आता तर फुकटच. पण तो एक रुपयावाला माल आमच्या रेशन दुकानात मी तरी पाहिला नाही."

"हमीभाव आहे ना! २०२४-२५ ला मालदांडी ज्वारी ३,४२१ रुपये क्विंटल. गहू २,२७५."

"कागदावर. पंजाबचा गहू मंडीत आला की सरकार उचलतं. माझ्या चुलत्याच्या ज्वारीला काटा कोण लावतो?"

मग तो जे बोलला ते मला जास्त पटलं. गव्हाच्या रानात मशीन शिरतं, तासाभरात रान मोकळं. मालदांडी उपटायची हातानं, तळहाताला फोड येतात, आणि आता मजूर त्या कामाला नाक मुरडतात. त्याआधी पाखरं राखायला माळ्यावर बसायचं ते वेगळंच. "आणि ज्वारी अर्धी माणसाची, अर्धी गुरांची. बैल विकले, कडबा कुणाला घालू?"

भोईर इतका वेळ चणे खात होता. "आमची भाकरी तांदळाची. खाडीलगत खाऱ्या जमिनीत भात व्हायचा. शहर आलं, शेतं गेली. आजोबा जिथं लावणी करायचे तिथं आता पार्किंगवरून भांडणं. तुमचं निदान पीक बदललं."

यावर कुणी काही बोललं नाही. पक्याच पुन्हा आरोग्यावर आला. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, म्हणून बाजरी खा, नाचणी खा.

"थापणारी शेवटी जेवते," संत्या म्हणाला, "तेही मोज."

खरं दुखणं मग बाहेर आलं. पक्याच्या बायकोच्या भाकऱ्या तव्यावर टाकतानाच तुटतात, घरात रोज त्यावरून वाजतं. संत्यानं आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पीठ कधीचं?" म्हातारीनं विचारलं. "विरी गेली असंल त्याची, चिकटपणाच उरला नसंल. उकड काढून मळायला सांग. आणि चार दिवसांपुरतंच दळून आणत जा, बाळा."

पक्यानं पिशवीतून मॉलमधलं पाकीट काढलं आणि दिव्याखाली धरून तारीख शोधली. सापडली ती पॅकिंगची. दळल्याची कुठंच नव्हती.