लॅटिन कळत नाही, तरीही

‘लॅटिनचा एक शब्द कळत नाही, मग ही पोरं तिथे जातात कशाला?’ जुन्या लॅटिन मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या जुन्या लॅटिन रूपाचा आणि तिकडे ओढल्या जाणाऱ्या फ्रेंच तरुणांचा विषय निघाला की मायदेशातली आपली कॅथलिक मंडळी हेच विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात: युरोपातलं फॅड आहे, मराठी मिस्सा एवढ्या उशिरा मिळाली नि आता पुन्हा मागे जायचं का? हे ऐकलं की इथे फ्रान्समध्ये बसून चिडचिड होते. कारण प्रश्न भाषेचा नाहीच.

या जुन्या मिस्सेच्या आरंभी फादर वेदीच्या पायऱ्यांशीच थांबतात. ४२वं स्तोत्र (नव्या क्रमांकानुसार ४३वं) सुरू होतं आणि गुडघे टेकलेला वेदीसेवक उत्तर देतो, ‘आद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तूतेम मेआम’: माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे. पुढे मुख्य प्रार्थनेत फादरांचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, उंचावताना वेदीसेवक एका हाताने त्यांच्या झग्याचा काठ उचलतो, दुसऱ्याने घंटी वाजवतो. त्या शांततेत कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही. विशीतल्या मुलांना ओढ आहे ती याची.

नवख्यांचं चुकतं ते मिस्सेचं पुस्तक हाताळताना. डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर फ्रेंच. रोज तोच असणारा भाग एकीकडे, त्या दिवसाच्या प्रार्थना आणि वाचनं दुसरीकडे, म्हणून दोन फिती लागतात. ओळीवर बोट ठेवून वाचायला गेलं की अर्पणाच्या वेळीच गाडी चुकते, कारण फादर पुटपुटत पुढे गेलेले असतात आणि गायकवृंद भलतंच काही गात असतो. गायन मिस्सेत तर ‘सांक्तुस’ (‘पवित्र, पवित्र’ हे स्तुतिगीत) चालू असतानाच फादरांनी मुख्य प्रार्थना सुरू केलेली असते. प्रवेशगीत आणि वाचनं तेवढी शोधावीत, मग पुस्तक मिटून घंटीकडे कान द्यावा. चार-पाच रविवारांत बसतं.

जुनी मिस्सा म्हणजे ‘म्हाताऱ्यांच्या आठवणी’ म्हणणाऱ्यांनी पेन्टेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, जुन्या मिस्सेच्या मंडळींची पॅरिस ते शार्त्र ही पदयात्रा पाहावी. सुमारे शंभर किलोमीटर, तीन दिवस, पायाला फोड, तंबूत झोप. १९८३ पासून चालू आहे आणि चालणाऱ्यांत तरुणच जास्त. जुनी मिस्सा बाजूला पडली ती १९६९ नंतर. या मुलांनी ती लहानपणी पाहिलेलीच नाही, तर आठवण कुठली?

आणि मराठी विरुद्ध लॅटिन हा सामना लावला कुणी? जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनेवरील दस्तऐवजात लोकभाषेला दार उघडलं, तिथेच लॅटिन राखावं असंही लिहिलं. ५४व्या कलमात तर भाविकांना त्यांच्या वाट्याची नित्याची उत्तरं लॅटिनमध्येही म्हणता यावीत असं आहे. तेवढंसुद्धा आपल्याकडे किती ठिकाणी शिकवतात? १९६९ नंतरच्या नव्या विधीतही मौन सांगितलेलं आहे. पण ख्रिस्तशरीर घेतल्यानंतरच्या शांततेत कार्यक्रमाच्या सूचना घुसतात, आणि मग दोष लॅटिनला. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स लॅटिनमध्येच मिस्सा करायचे, आणि १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण त्यांनी मराठी ओवीत लिहिलं. त्यांना दोन्ही भाषा जड झाल्या नाहीत.

नव्या विधीत वाचनं अधिक आहेत, हे मान्यच. रविवारचं चक्र तीन वर्षांचं, शिवाय जुना करार ऐकू येतो. जुन्यात एकाच वर्षाचं चक्र. पण पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२१ मध्ये जुन्या मिस्सेवर बंधनं आणली, तेव्हा आपल्याकडे ‘बरं झालं’ असा जो सूर निघाला, तो मनाला लागला. ज्या मुलांना चर्च हवं आहे, त्यांनाच दार दाखवायचं?

खरं सांगायचं तर यात माझा स्वार्थ आहे. फ्रेंच मिस्सेत माझं उत्तर इतरांपेक्षा अर्धा क्षण उशिरा येतं. प्रार्थना पाठ असते, पण सूर त्यांचा असतो. लॅटिनमध्ये शेजारची फ्रेंच मुलगीही उजव्या पानावर डोकावते. तिथे ती आणि मी सारखेच परके, म्हणून सारखेच घरचे. फक्त उजव्या पानावर मराठी नाही. घंटी वाजते तेव्हा ओठांवर मराठीच येते, अगदी हळू, शेजारणीला ऐकू जाणार नाही इतकी.