बाळाच्या फिजिओथेरपीसाठी दोन वर्षं थांबू नका

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बाळाची हाडं कोवळी असतात, दोन वर्षांच्या आत फिजिओथेरपी करू नका.’ हे साफ चुकीचं आहे.

तान्ह्या बाळाची फिजिओथेरपी म्हणजे हातपाय ओढणं नव्हे. बाळ जागं असताना छातीखाली टॉवेलची गुंडाळी देऊन त्याला पालथं ठेवायचं, समोर खुळखुळा हलवायचा. मान उचलायला ते आपणच धडपडतं. घरच्या रोजच्या मालिशपेक्षाही हे हलकं असतं. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो, नेमका हाच काळ आपण दवडतो. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर पॉन्सेटी पद्धतीचं (पाऊल हळूहळू सरळ करत नेणारं) प्लास्टर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करतात.

चार महिन्यांनंतरही बाळ मान धरत नसेल, नऊ महिन्यांनी आधाराशिवाय बसत नसेल, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, तर ‘आमच्याकडे सगळे उशिराच चालले’ म्हणत बसू नका, कळकळीची विनंती. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाडीत येणाऱ्या या कार्यक्रमाच्या पथकाला विचारा.