‘ही कला नव्हे, प्रचार’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चिकानो (म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या) कलाकारांच्या सिल्कस्क्रीन पोस्टरांवरच्या, म्हणजे जाळीतून शाई ओढून छापलेल्या पोस्टरांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर आणि तिखट लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. ‘छान लेख’ आणि हात जोडलेली इमोजी यापेक्षा हे केव्हाही बरं. ज्यांच्या नजरेतून प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या मंडळींनी छापलेली ही पोस्टरं म्हणजे निव्वळ घोषणाफलक, त्यांना कला म्हणणं हा कौतुकाचा अतिरेक. तंत्रही तेच, जे आपल्याकडे गल्लीबोळात लग्नपत्रिका छापायला वापरतात. कल्पना अमेरिकन पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलकडून उचललेल्या. आणि ज्या व्यवस्थेविरुद्ध ते ओरडत होते, तिच्याच म्युझियममध्ये आज ही पोस्टरं काचेआड टांगली आहेत, म्हणजे बंडाचा निकाल लागलाच.

शेवटच्या मुद्द्यात दम आहे, त्याकडे येतो. आधीचे मात्र मला अजिबात पटलेले नाहीत.

तंत्र लग्नपत्रिकेचंच आहे, त्यात वाद नाही. चौकटीवर ताणलेली जाळी, नको तिथली छिद्रं बुजवलेली, वर शाई आणि ती एका दमात ओढणारी स्क्वीजी, म्हणजे रबरी पट्टी. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. कागद जरासा सरकला की दुसरा रंग पहिल्याच्या बाहेर डोकावतो आणि कागद रद्दीत. पण हे तंत्र त्यांनी हाती घेतलं ते ते स्वस्त होतं म्हणूनच. सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत आधी फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला आणि आठवडाभरात शेतमजुरांचा पुढारी सेझार चावेझ याची संघटना त्यात उतरली. पुढे देशभर द्राक्षांवर बहिष्कार घालायचं ठरलं. मळ्यातला संप शहरातल्या ग्राहकापर्यंत न्यायचा तर कागद हवा, आणि छापखान्याला द्यायला पैसे नाहीत. मे १९७० मध्ये अमेरिकेचा कंबोडियावरचा हल्ला आणि केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेला गोळीबार यानंतर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांनी रातोरात पोस्टरं काढली, त्यातली कितीतरी वापरलेल्या कॉम्प्युटर पेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर. चिकानो पोस्टरकार मालाकियास मोंतोया तेव्हा तिथेच होता. स्वस्त म्हणून हलकं, हा हिशोब मला कळत नाही.

आणि कसब म्हणाल तर जरा चावेझच्या संघटनेच्या झेंड्यावरचा काळा गरुड बघा. १९६२ साली सेझारचा भाऊ रिचर्ड याने तो काढला. पंख जिन्याच्या पायऱ्यांसारखे, सगळ्या रेषा सरळ. का, तर कुठल्याही मजुराला तो हाताने काढता यावा, घरी कापडावर शिवता यावा. आपलं चित्र दुसऱ्या कुणीही काढावं म्हणून चित्र काढणं, याला तुम्ही काय म्हणाल? रुपर्ट गार्सिया या चिकानो कलाकाराचं १९७३ चं पोस्टरही तसंच कंजूस: लालभडक पार्श्वभूमी, काळी काटेरी तार आणि ‘हद्दपारी थांबवा’ एवढाच मजकूर. त्यात ना माणूस, ना रडणारं मूल. रडवायचा मोह टाळणं हा प्रचारकाचा स्वभाव नव्हे.

(सगळेच असे गंभीर नव्हते. सॅक्रामेंटोत मालाकियासचा थोरला भाऊ होसे आणि एस्तेबान व्हिया यांनी ‘रिबेल चिकानो आर्ट फ्रंट’ काढला. आद्याक्षरं (आरसीएएफ) तीच असल्यामुळे लोकांना ते रॉयल कॅनेडियन एअर फोर्सवाले, म्हणजे कॅनडाच्या हवाई दलाचे, वाटायला लागले. मग यांनी सरळ ‘रॉयल चिकानो एअर फोर्स’ हेच नाव घेतलं आणि वैमानिकांचे कपडे चढवून जीपमधून हिंडायला सुरुवात केली. विमान एकही नाही.)

आता वॉरहॉल. गार्सियाच्या सपाट रंगांत पॉप आर्ट, म्हणजे जाहिराती आणि रोजच्या वस्तूंतून उचललेली चित्रकला, दिसतं, ते काही त्याने लपवलेलं नाही. पण तुम्ही ज्या चित्रावर ‘नक्कल’ असा शेरा मारलात ते एस्टर हर्नांडेझ या चिकाना चित्रकर्तीचं ‘सन मॅड’ (मॅड म्हणजे पिसाट), आणि तिथे तुमचा नेम पार चुकलाय. सन-मेड बेदाण्यांचा लाल खोका अमेरिकेत घरोघरी असतो. मागे पिवळा सूर्य, लाल टोपडं घातलेली हसरी मुलगी, हातात द्राक्षांची परडी. हर्नांडेझने १९८२ मध्ये तोच खोका छापला. तोच लाल, तोच सूर्य, तेच टोपडं, आणि टोपड्याखाली कवटी. परडी धरलेल्या हातांची हाडं. खाली पाकिटावर घटक लिहावेत तशी कीटकनाशकं, कोळीनाशकं, तणनाशकं, बुरशीनाशकं. ती स्वतः डिन्यूबाची, सॅन वाकीन खोऱ्यातली, शेतमजुरांच्या घरात वाढलेली. १९७९ च्या सुमारास तिला कळलं की गावच्या पाण्यात ही औषधं उतरली आहेत, म्हणजे तिच्या घरचे वर्षानुवर्षं तेच पाणी पीत आणि त्यातच अंघोळ करत आले होते. आपल्याकडे नाशिक किंवा तासगावच्या बागेत फवारणीच्या दिवसांत जो उभा राहिलाय त्याला यापुढचं समजावून सांगायला नको.

वॉरहॉलने १९६२ मध्ये सुपाचे डबे जसेच्या तसे रंगवून भिंतीवर लावले. सूप कुणी ढवळलं हा त्याचा विषय नव्हता. हर्नांडेझचा विषय तेवढाच आहे. आणि तो सांगाडा काही न्यूयॉर्कहून आलेला नाही. मेक्सिकोत १९१३ साली वारलेल्या पोसादा या छापचित्रकाराने चार पैशांच्या पत्रकांवर नटव्या, नाचऱ्या, टोपीवाल्या कवट्या छापल्या. १९३७ मध्ये मेक्सिको सिटीत ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’, म्हणजे लोकांसाठीच्या छापचित्रांची कार्यशाळा, निघालं आणि छापील चित्र चळवळीच्या कामाला लागलं. घराणं शोधायचंच असेल तर ते तिकडे आहे. ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये कॅरन बोकालेरो या फ्रान्सिस्कन ननने १९७० मध्ये एका गॅरेजात कार्लोस ब्वेनो, आंतोनियो इबान्येझ वगैरे कलाकारांबरोबर छपाई सुरू केली. तिथून उभं राहिलेलं ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ कवट्या-सांगाड्यांनी सजणारा मेक्सिकन ‘मृतांचा दिवस’ आजही साजरा करतं.

राहिलं म्युझियम. गंमत अशी की तुमचा हा आक्षेप मालाकियास मोंतोयानेच १९८० मध्ये लेझली साल्कोविट्झ-मोंतोयाबरोबर लिहिलेल्या लेखात घेतला होता, आणि तुमच्यापेक्षा कडक शब्दांत. गॅलरी आणि अनुदानं यांच्या नादी लागाल तर व्यवस्था तुम्हाला गिळून ढेकर देईल, असा त्याचा सूर. त्यावर शिफ्रा गोल्डमन या अभ्यासकबाईंनी उत्तर दिलं: दारं मिटून बसलात तर ऐकणार कोण? वाद चांगला रंगला. माझं झुकतं माप गोल्डमनबाईंकडे आहे, तरी पैशाबद्दल मोंतोयाने दिलेला इशारा खोटा ठरला असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकन आर्ट म्युझियमने चिकानो छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. हर्नांडेझचा बेदाण्याचा खोका त्यांच्या संग्रहात आहे, आणि खुद्द मोंतोयाची पोस्टरंही.

पण म्हणून बंड संपलं? म्युझियमने एक प्रत घेतली म्हणून बाकीच्या प्रती भिंतीवरून उतरत नाहीत. छापचित्राचं हेच तर सुख आहे. १९८८ मध्ये चावेझने याच कीटकनाशकांविरुद्ध ३६ दिवस उपास केला. आणि २००८ मध्ये हर्नांडेझने तोच लाल खोका पुन्हा काढला. या वेळी नाव ‘सन रेड’, म्हणजे धाड. सांगाड्याच्या अंगात मेक्सिकन आदिवासी बायकांचा वीपील हा सैल झगा, मनगटावर इमिग्रेशन खात्याचं पाळत ठेवणारं यंत्र, आणि खोक्यावर हमी: हद्दपारीची. हे चित्र बघा आणि मग पुन्हा लिहा. तेव्हाही ‘प्रचार’ म्हणालात तरी चालेल, फक्त चित्रात काय दिसलं म्हणून तसं म्हणता ते सांगा.