बर्फ कुठाय?

"बर्फ कुठाय?"

प्रश्न मला नव्हता, अख्ख्या हॉलला होता. राणीच्या बागेतल्या पेंग्विन कक्षात रविवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नसते. आलेल्यांपैकी निम्मे पेंग्विनसाठी आलेले असतात आणि निम्मे एसीसाठी. साताऱ्याहून आलेल्या वहिनी आणि त्यांचा तिसरीतला बंड्या यांना घेऊन मी कसाबसा काचेपर्यंत पोचलो होतो. तिथे हे गृहस्थ. साठीच्या पुढचे, राखाडी सफारी, खांद्याला कुणाच्या तरी मुंजीत मिळालेली कापडी पिशवी. काचेकडे पाठ आणि तोंड जनतेकडे.

"पेंग्विन म्हटला की बर्फ पाहिजे. इथे नुसते खडक आणि पाणी. फसवणूक आहे ही!"

आता माहीत असताना गप्प बसणं आपल्याच्याने होत नाही. मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "काका, हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत. हे बर्फात राहतच नाहीत. दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या किनाऱ्यावर राहतात. तिथे समुद्राचा प्रवाह थंड, पण किनारा कोरडा ठणठणीत, वाळवंटच. पक्ष्यांच्या विष्ठेचे थर साचलेले असतात, त्यात बिळं उकरून हे अंडी घालतात."

'विष्ठा' ऐकल्याबरोबर शेजारच्या बाईंनी आपल्या मुलीला ओढून पलीकडे घेतलं. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय करता आपण?"

"बँकेत आहे."

"माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. छत्तीस वर्षं. थंडीचं मला नका सांगू."

झालं. गर्दी एका क्षणात त्यांची झाली. समोर जिवंत पक्षी पोहतोय आणि पन्नासेक माणसं फ्रिजवाल्याकडे बघतायत! मी हुकमाचं पान टाकलं. "अहो, गॅलापागोस बेटांवर तर चक्क विषुववृत्तावर पेंग्विन राहतात."

"तिथे एसी असणार," काका म्हणाले.

लोक हसले. त्यांना नाही, मला हसले.

"बरं, हे आणलेत कुठनं?" त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"सोलहून. 2016 च्या जुलैमध्ये. आठ आणले होते."

"म्हणजे कोरिया. तेच म्हणतोय मी मघापासून! हे कोरियन मॉडेल आहे. कमी कूलिंगवर चालतं. आत सोळा-अठरा डिग्री असेल बघा. जुन्या मॉडेलला बर्फ लागायचा."

संतापाची गोष्ट अशी, की आकडा बरोबर होता. त्यांचं तापमान साधारण तेवढंच ठेवतात. माणूस सगळीकडून चुकत असेल तर त्याच्याशी वाद घालता येतो. मध्येच असा एखादा अचूक ठोका मारणाऱ्यापुढे आपण संपलो.

"आजोबा, ह्यांचा कंप्रेसर कुठे असतो?" हा आवाज बंड्याचा. माझ्या खर्चाने आलेल्या, माझ्या खर्चाने उसाचा रस प्यायलेल्या बंड्याचा.

"शाब्बास! ह्याला म्हणतात प्रश्न!" असं म्हणून काकांनी त्याला जवळ घेतलं आणि चिलर, पंप, गॅस, पाइप असं सगळं समजावून दिलं. काच किती जाड असेल हे दाखवायला अंगठीच्या बोटाने टकटक केली. आतून मजेत येणारा एक पेंग्विन गर्रकन वळून लांब गेला. मग काय, हॉलभर टकटक सुरू. आया मुलांचे हात धरून टकटक करवत होत्या. कुणी रागाने ठोकत नव्हतं, सगळे प्रेमाने ठोकत होते. मी म्हटलं, "अहो, नका ना वाजवू, त्यांना त्रास होतो." त्यावर एक तरुण मोबाइल न हलवता म्हणाला, "अंकल, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

"भाऊजी, जाऊ द्या ना," वहिनी म्हणाल्या. "मोठे आहेत ते. आणि माहिती किती छान सांगतायत."

वास्तविक माहिती सांगण्याचा कार्यक्रम माझा होता. रात्री जागून तयारी केली होती. 1862 साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते या बागेचं उद्घाटन झालं. व्हिक्टोरिया राणीच्या नावाने सुरू झालेल्या बागेला आता वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे, तरी टॅक्सीवाल्याला 'राणीबाग'च सांगावं लागतं. मुळात ही झाडांची बाग. गोरखचिंच आहे, ब्रह्मदेशाची उर्वशी आहे. तिचे लाल घोस लोंबायला लागले की माणसाने नुसतं खाली उभं राहावं. पण झाड बघायला तिकीट काढून कोण येतो? वहिनींना उर्वशी दाखवली तर म्हणाल्या, "हिचं कलम लागतं का?"

आणि माझं लाडकं म्हणजे इथले न हलणारे प्राणी. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती बघा. घारापुरीचा. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता. 1864 साली उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे 1914 मध्ये ते जोडून त्याला उभा केला. साहेबाला घेऊन जाता आलं नाही असं या शहरात फार थोडं आहे, त्यात हा हत्ती. काळा घोडाही इथेच. त्यावर सातवा एडवर्ड बसलाय. 1965 साली फोर्टातून उचलून त्याला इथे धाडलं. फोर्टात नाव तेवढं राहिलं. दरवर्षी तिथे त्या नावाने मोठा कलामहोत्सव भरतो आणि खरा घोडा इकडे भायखळ्यात. काकांच्या मागे जाणाऱ्या जथ्थ्यातल्या एकानेही त्याच्याकडे मान वळवली नाही. हो, जथ्था. एव्हाना काकांबरोबर पंधरावीस माणसं फिरत होती.

वाघापाशी पुन्हा तेच. 2020 मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथे आली, पुढच्या वर्षी वीरा जन्मली, हे मी बंड्याला सांगायला लागलो तेवढ्यात त्याने "आजोबा कुठेत?" म्हणून मान वळवली. काचेपलीकडे एक वाघ पाय पसरून गाढ झोपलेला. लोक त्याला "ए, ऊठ की!", "अरे, पन्नास रुपये दिलेत!" असं म्हणत होते. पूर्वी तिकीट पाच रुपये होतं तेव्हा वाघ झोपला तरी चालायचं. 2017 मध्ये ते पन्नास झालं आणि लोकांना वाटायला लागलं की वाघ नोकरीला आहे. एकाने वेफर्सचं रिकामं पाकीट काचेवर आपटलं. मी त्याच्याकडे रोखून बघितलं, तर त्याने तेच पाकीट शांतपणे झुडपात टाकलं. कचऱ्याचा डबा चार पावलांवर होता. या माणसांना वाघाच्या जागी दिवसभर बसवावं आणि बाहेरून वाघांनी सेल्फी काढावेत असं माझ्या मनात आलं, पण बोललो नाही. काका तेवढ्यात सांगत होते, "दुपारी लोड कमी असतो, म्हणून झोपतो तो."

निघताना वहिनींनी काकांचा नंबर घेतला. साताऱ्याच्या फ्रिजचं फ्रीझर नीट चालत नाही म्हणून.

परवा बंड्याने शाळेतलं चित्र फोनवर पाठवलं. विषय 'मी पाहिलेले प्राणिसंग्रहालय'. मध्ये पाच पेंग्विन, बाजूला सफारीतले आजोबा, कोपऱ्यात इग्लू. मी कुठेच नाही. बाईंनी 'छान' लिहून वर चांदणी दिलीय. मी ताबडतोब फोन लावला. "बंड्या, अरे, तिथे बर्फ होता का? तू डोळ्यांनी बघितलंस ना? खडक होते, पाणी होतं."

"माहितेय काका," तो म्हणाला. "पण पाण्यात निळा खडू संपतो. बर्फाला कागद नुसता ठेवला तरी चालतो."